काय काम काढलंत? घानाच्या खेड्यात स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांसाठी

घानात पाहुणा दारात आला की त्याला आधी बसायला देतात, मग पाणी. पाणी पिऊन होईपर्यंत कोणी काही विचारत नाही. पेला खाली ठेवला की घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, आमच्याकडे सगळं खुशाल आहे, तुम्ही कोणत्या कामाने आलात? आमच्या राजापूरच्या घरी आजीची रीत हीच होती. आधी गूळपाणी, मग "काय काम काढलंत?"

व्होल्टा प्रांतातल्या एका गावात गावप्रमुखांसमोर हा प्रश्न मला आला. दहा आठवडे बिनपगारी रजा टाकून, मुंबई, अदिस अबाबा, मग घानाची राजधानी अक्रा असा प्रवास करून मी तिथे पोचले होते, आणि मला धड उत्तर देता येईना. "मदत करायला," असं काहीतरी पुटपुटले. ते तिथल्या एवे भाषेत सांगितलं गेलं. बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने शांतपणे विचारलं, "कुणाला?"

हे उत्तर घरूनच घेऊन निघता आलं असतं तर माझे पहिले दोन आठवडे वाया गेले नसते. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

घानाच का, हे थोडक्यात. सरकारी कामकाज आणि शाळा इंग्रजीत चालतात, १९९२च्या राज्यघटनेपासून सत्ता मतपेटीतून बदलते आहे, आणि परक्या माणसाची तिथे सवय आहे. शेजारच्या टोगो, बेनिनमध्ये फ्रेंच लागते. माली, बुर्किना फासो, नायजर इथली अशांत परिस्थिती पाहता तिकडे नवख्याने जाऊ नये. घानातही बुर्किनाच्या सीमेलगतचा उत्तरेचा पट्टा, विशेषतः बाव्कूचा भाग, टाळा. मी राहिले ते पूर्वेला, हो आणि होहोए या दोन शहरांच्या मधल्या टापूत. ('हो' हे शहराचं नाव आहे. "कुठे चाललीस?" "हो." हा विनोद आईबरोबर फोनवर पुष्कळ दिवस चालला.)

१. आधी काम ठरवा, मग देश

तुम्हाला काय येतं ते कागदावर लिहा. "मुलांची आवड आहे" हे कौशल्य नाही. हिशेब ठेवता येतो, संगणक दुरुस्त करता येतो, नर्सिंगची पदवी आहे, गांडूळखत करता येतं, ग्रंथालयाची नोंदवही लावता येते, हे कौशल्य आहे. मग ज्या संस्थेकडे जायचं तिला एकच विचारा: हे काम मागितलं कोणी? शाळेच्या मुख्याध्यापकांनी, आरोग्य केंद्रातल्या नर्सने, महिलांच्या बचत गटाने? त्या माणसाशी व्हॉट्सअॅपवर बोलू द्याल का? बोलू देत नसतील तर तिथेच थांबा.

दुसरी कसोटी माझी स्वतःची आहे. जे काम गावातला माणूस पैसे घेऊन करू शकतो ते तुम्ही फुकट करू नका. मी गेले त्या शाळेला माझ्या आधीच्या एका गटाने एक भिंत बांधून दिली होती. हौशी हातांनी रचलेले ठोकळे गावच्या गवंड्याने नंतर उतरवले आणि पुन्हा रचले. तो गवंडी माझ्या यजमानीणबाईंचा भाचा. त्याला आधीच बोलावलं असतं तर भिंत सरळ झाली असती आणि त्याला मजुरीही मिळाली असती.

अनाथाश्रमाच्या कामाला तर हात लावू नका. बाहेर 'अनाथ' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या पुष्कळ मुलांचे आईवडील किंवा जवळचे नातेवाईक जिवंत असतात. परदेशी पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून अशी घरं भरत जातात. घाना सरकारचं धोरणही मुलांना कुटुंबात परत पाठवण्याचं आहे. दर दोन महिन्यांनी नवी ताई येते, लळा लावते आणि निघून जाते, याने त्या लेकरांचं काय होत असेल ते आपण आपल्या घरात डोकावून समजून घ्यावं.

२. संस्था निवडताना

वाटा साधारण तीन. अनुभवी आणि शिकलेल्या माणसांसाठी संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, ज्यात राहण्या-जेवणाचा भत्ता मिळतो पण निवड कठीण असते. विद्यार्थी आणि तिशीच्या आतल्यांसाठी आयसेकसारखी संघटना, ज्यात सहा ते आठ आठवड्यांची कामं असतात. आणि तिसरी, पैसे घेऊन 'कार्यक्रम' देणाऱ्या मध्यस्थ संस्था. नेटवर शोधलं की अमेरिकी सरकारच्या पीस कोअर या स्वयंसेवक दलाचं नाव हमखास येतं. त्यांची पहिली तुकडी १९६१ साली घानातच उतरली होती, पण ते फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे, त्यात वेळ घालवू नका.

मी तिसऱ्या वाटेने गेले आणि पस्तावले. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका संस्थेचा नाही. मी भरलेल्या शुल्कातून यजमान कुटुंबाला किती जातात, हे मी निघण्यापूर्वी विचारलंच नाही. महिन्याभराने यजमानीणबाईंशी मैत्री झाल्यावर त्यांनी आकडा सांगितला. मी त्या रात्री भांडी घासायला उठले, एवढंच लिहिते.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी हे लेखी घ्या: शुल्कातून कुटुंबाला किती, शाळेला किती, कार्यालयाला किती, राहण्याची सोय कुठे आणि कुणाच्या घरी, तुमच्या आधीच्या दोन स्वयंसेवकांचे संपर्क, मधेच परतावं लागलं तर किती परत मिळतील. शाळेत शिकवणार असाल तर जिल्हा शिक्षण कार्यालयाला कळवलं आहे का, तेही. जी संस्था तुमचा पोलीस दाखला मागत नाही पण तुम्हाला थेट मुलांत सोडते, ती मुलांची काळजी घेत नाही हे समजा.

३. कागदपत्रं

घानाचं उच्चायुक्तालय दिल्लीत आहे. व्हिसाचे नियम आणि शुल्क बदलत असतं, त्यामुळे अर्जाच्या दिवशी त्यांच्याकडूनच खात्री करा. मला लागलेले कागद:

– पासपोर्ट, निदान सहा महिने मुदतीचा आणि कोऱ्या पानांचा
– पिवळ्या तापाच्या लशीचं पुस्तक
– यजमान संस्थेचं निमंत्रणपत्र आणि ते देणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत
– जाण्या-येण्याचं तिकीट
– बँकेचे उतारे, नोकरीतून रजेचं पत्र
– फोटो
– पोलीस दाखला (व्हिसासाठी नाही, शाळेसाठी, पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, वेळ धरून ठेवा)
– प्रवास विमा, ज्यात आजारी माणसाला मोठ्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरला आहे

इथे दोन खड्डे आहेत. पहिला: विनापगारी असलं तरी काम ते कामच. अर्जात "पर्यटन" लिहून शाळेत शिकवायला जाऊ नका. कोणत्या प्रकारचा व्हिसा लागेल हे निमंत्रणपत्र दाखवून उच्चायुक्तालयालाच विचारा. दुसरा: व्हिसावर लिहिलेली मुदत आणि विमानतळावर शिक्का मारताना अधिकारी जे दिवस लिहितो ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा मुक्काम सत्तर दिवसांचा, शिक्क्यावर ६०. मी ते पाहिलं पन्नासाव्या दिवशी, तेही यजमानांच्या मुलीने पासपोर्ट कुतूहलाने उघडला म्हणून. मुदत वाढवून घ्यायला 'हो'च्या इमिग्रेशन कार्यालयात जावं लागलं. काम झालं, पण शिक्का तिथल्या तिथे वाचला असता तर धावपळ झाली नसती.

४. लशी आणि गोळ्या

पिवळ्या तापाची लस घेतल्याशिवाय घानात प्रवेश नाही. ती कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते. तिथे ठरावीक वारीच देतात आणि नंबर लावावा लागतो. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून निघायच्या आठवड्यात धावत जाऊन उपयोग नाही. पूर्वी दहा वर्षांची मुदत असे. २०१६पासून एकदा घेतलेली लस जन्मभर धरली जाते. अंड्याची तीव्र अॅलर्जी असेल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. ते पिवळं पुस्तक पासपोर्टला रबर लावून ठेवा. परतताना आपल्या विमानतळावरही तेच दाखवायचं असतं, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण.

विषमज्वर, हिपॅटायटिस ए, धनुर्वात आणि रेबीज यांबद्दल डॉक्टरांना विचारा. उत्तर घानात कोरड्या दिवसांत जाणार असाल तर मेनिंजायटिसचीही लस.

आता मलेरिया. आपल्याकडे "मलेरिया झाला होता" हे सर्दी झाल्यासारखं सांगतात. तिथला मलेरिया बहुतेक फॅल्सिपॅरम जातीचा, मेंदूपर्यंत जाणारा. गावातली माणसं लहानपणापासून त्याच्याशी झुंजलेली असतात, आपलं तसं नाही. प्रतिबंधक गोळ्या अनेक प्रकारच्या आहेत, कोणती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. मला डॉक्सिसायक्लिन दिली होती: निघायच्या एक-दोन दिवस आधीपासून, तिथे रोज, आणि परत आल्यावर आणखी चार आठवडे. भरल्या पोटी घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, आणि तिने उन्हात कातडी लवकर भाजते.

पाचव्या आठवड्यात एका अंत्यसंस्काराच्या गडबडीत माझ्या तीन गोळ्या चुकल्या. त्यामुळेच झालं की कसं, देव जाणे, पण दहा-बारा दिवसांनी दुपारी तीन वाजता, पस्तीस अंशांच्या उन्हात, मी दुलई मागत होते. यजमानीणबाईंनी काही न बोलता मला मोटारसायकलवर मधे बसवलं, मागून धरलं आणि 'चिप्स'वर नेलं. चिप्स म्हणजे गावपातळीवरचं आरोग्य केंद्र, आपल्या उपकेंद्रासारखं. नर्सने बोटाला सुई टोचून पट्टीवर थेंब घेतला. पंधरा मिनिटांत दुसरी रेघ उमटली, म्हणजे मलेरियाच. आर्टेमिसिनिनच्या मिश्र गोळ्या सुरू झाल्या, चौथ्या दिवशी मी पेज प्यायला बसले. तेव्हा नियम एकच: ताप आला की त्याच दिवशी तपासणी. घरून नेलेली पॅरासिटामॉल खाऊन वाट बघायची नाही.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. १९६५ साली अकोसोंबो धरण झालं आणि व्होल्टा सरोवर भरलं. त्या संथ पाण्यात गोगलगायी वाढल्या आणि त्यांच्याबरोबर बिल्हार्झिया नावाचा जंताचा रोग. त्यातले जंत पाण्यातून कातडीवाटे शिरतात. सरोवर कितीही सुंदर दिसलं तरी काठाला पाय सोडून बसू नका. कोकणातल्या माणसाला हे फार जड जातं.

५. पिशवीत काय

औषधी मच्छरदाणी, डोक्याला बांधायची विजेरी, डासांचं मलम, ओआरएस, साधा चाकू, कुलूप, तीन चौकोनी पिनांचा अॅडॉप्टर, पॉवर बँक. वीज जाण्याला तिथे खास शब्द आहे, 'दुमसोर', म्हणजे बंद-चालू. महावितरणच्या ग्राहकाला समजावून सांगायची गरज नाही.

कपडे गुडघ्याखाली पोचणारे. एक काळा जोड अवश्य न्या, का ते पुढे येईल. लष्करी रंगाचे, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे मुळीच नकोत. आपल्याकडे ट्रेकच्या पँटी हमखास तशा असतात. घानात सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे.

पैसे: अमेरिकी डॉलरच्या नव्या, न चुरगळलेल्या नोटा. चलन सेडी. गावात कार्ड चालत नाही, मोबाइलवरचे पैसे चालतात, त्याला 'मोमो' म्हणतात आणि शेंगदाणेवालीसुद्धा घेते. अक्रातच पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्या.

६. अक्रापासून गावापर्यंत

अक्राहून हो सुमारे १६० किलोमीटर. तुडूच्या स्थानकावरून ट्रोट्रो मिळतात. ट्रोट्रो म्हणजे आपली वडाप: गाडी भरल्याशिवाय हलत नाही, कंडक्टरला 'मेट' म्हणतात, आणि काचेवर बायबलचं वचन असतं. नावाबद्दल सांगतात की जुन्या काळी भाडं तीन पेनी होतं, त्या तीन पेनीच्या, अक्राकडच्या गा भाषेतल्या शब्दावरून ते आलं. अंधार पडल्यावर हमरस्त्याने प्रवास करू नका. घानातला खरा धोका चोरांचा नाही, रात्रीच्या रस्त्यांचा आहे.

वाटेत आटिंपोकूला अडोमीचा पूल लागतो. गाडी मंदावली की खिडक्यांवर बायका धावत येतात, डोक्यावर काचेच्या पेट्या. तळलेली कोळंबी, 'वन मॅन थाउझंड' नावाचे करंगळीहून लहान कुरकुरीत मासे, आणि पानात बांधलेले वाफवलेले मक्याचे आबोलो. मी आबोलो आणि मासे घेतले, सुट्टे नव्हते, गाडी सुटली. मेटने खिडकीतून नोट फेकली, बाईने चालत्या गाडीबरोबर पळत उरलेले पैसे परत केले. एकही पेसेवा कमी नाही. पिण्याचं पाणी तिथे अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक पुडीत मिळतं. कोपरा दातांनी फाडायचा आणि पिळायचं. पहिले दोन दिवस अंगावर सांडतं.

७. पहिला दिवस: गावप्रमुखांची भेट

ही पायरी चुकली की पुढचं सगळं लंगडतं. एवे भागात प्रमुखाला 'तोग्बे' म्हणतात. त्यांच्याशी थेट बोलायचं नसतं. त्यांचा वक्ता असतो, 'त्सियामी'; तुम्ही त्याला सांगायचं, तो तोग्बेंना सांगतो, जरी तोग्बे चार हातांवर बसून तुमचं इंग्रजी व्यवस्थित ऐकत असले तरी. टोपी काढा, खिशातून हात काढा, पायावर पाय टाकू नका. बसलेल्यांशी हस्तांदोलन उजवीकडून सुरू करत डावीकडे जायचं. रिकाम्या हाताने जायचं नसतं: दक्षिण घानात श्नॅप्स नावाच्या दारूची बाटली देतात, उत्तरेत चघळायच्या कोलाच्या बिया. काय आणि किती ते यजमानांना विचारा, ते सोबत येतील.

मग त्सियामी उठला. त्याने पेल्यात दारू ओतून, एकेक थेंब जमिनीवर सांडत पूर्वजांना हाका मारायला सुरुवात केली, आणि दर वाक्यामागे बसलेल्या मंडळींचा हुंकार. शब्द एक कळत नव्हता, पण मी ते ओळखलं. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा "व्हय म्हाराजा" असंच येतं. माझं नाव त्यात आलं, मोडकंतोडकं, आणि माझ्या कामाला यश दे असं काहीतरी. काम काय, ते मात्र मलाच ठाऊक नव्हतं.

८. राहणं, बोलणं, जेवणं

पोचल्यावर मुलं मागे लागतील, "येवू! येवू!" मराठी कानाला ते परवानगी मागितल्यासारखं वाटतं. येवू म्हणजे गोरा माणूस. आपला सावळा रंग त्यांच्या लेखी गोराच. रागावू नका. मी "या" म्हणायचे आणि ती खरंच यायची.

शब्द थोडेच शिका, पण पहिल्या दिवसापासून वापरा. कोणी "वोएझो" म्हणालं, म्हणजे स्वागत, की "यो" म्हणायचं. धन्यवाद म्हणजे "आक्पे", फार धन्यवाद म्हणजे "आक्पे काका". काम करत असलेल्या माणसाजवळून जाताना "आयेकू" म्हणा, म्हणजे छान चाललंय, शाब्बास. हे घानात सगळीकडे चालतं. नमस्कार न करता कोणाच्या अंगणातून जाणं हा उद्धटपणा. बाजारातसुद्धा आधी नमस्कार, मग भाव.

त्यांच्या इंग्रजीत एक गंमत आहे. माणूस तुमच्यासमोरून उठून जाताना म्हणतो, "आय अॅम कमिंग." इतर परदेशी लोक चक्रावतात. आपण नाही, आपणही जाताना "येतो" म्हणतो. जेवत असलेला माणूस तुम्हाला पाहून म्हणेल, "यू आर इन्व्हायटेड." हे आपलं "या जेवायला". दर वेळी बसायचं नसतं. आभार मानून पुढे जा.

वार पाहून नाव ठेवायची तिथे पद्धत आहे. शुक्रवारी जन्मलेला तो कोफी. बायकांनी माझा जन्मवार विचारला, मोबाइलवर शोधला तर मंगळवार निघाला. मंगळवारची मुलगी ती आब्ला. दहा आठवडे सगळं गाव मला मोठ्या प्रेमाने अबला म्हणत होतं.

डावा हात हा सर्वांत मोठा सापळा. द्यायचं, घ्यायचं, हात हलवायचा, बोट दाखवायचं, सगळं उजव्याने. दुसऱ्या हातात सामान असेल तर थांबा, सामान खाली ठेवा. नाइलाजच झाला तर तसं म्हणून आधी माफी मागतात. आपण प्रसाद डाव्या हातात घेत नाही. तो नियम दिवसभर पाळायचा, इतकंच.

जेवण. रोजचं आक्प्ले, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि भेंडीचं बुळबुळीत कालवण, 'फेत्री देत्सी'. उजव्या हाताने गोळा तोडायचा, बुडवायचा. फुफू, म्हणजे उकडलेले कंद कांडून केलेला मऊ गोळा, तर चावायचाच नसतो, गिळायचा. संध्याकाळी घराघरातून उखळात फुफू कांडल्याचा आवाज येतो, दोन माणसांची लय, एक कांडणार आणि एक दोन घावांच्या मधे हात घालून गोळा फिरवणार. मी फिरवून पाहिला नाही, बोटं मोजून आणायची होती.

शाकाहारी मंडळींनी नीट वाचावं. "मांस खात नाही" म्हटलं की मासे येतात, कारण मासा हा मांसात धरत नाहीत. जवळजवळ प्रत्येक कालवणात सुकट किंवा तिची पूड असते. काळी चटणी 'शितो', तीतही. मी सुक्या बांगड्यावर वाढलेली, माझं बरं चाललं. तुम्ही शुद्ध शाकाहारी असाल तर यजमानांना निघण्याआधी सांगा, आणि लाल पाम तेलातली चवळी, तळलेलं केळं, भात, शेंगदाणे, रताळी यांवर राहायची तयारी ठेवा. उपासाच्या दिवशी मात्र मजा झाली. तिथे 'गारी' म्हणून कसाव्याच्या कंदाचा भाजलेला रवा मिळतो. आपला साबुदाणाही त्याच कंदाचा. एकादशीला मी गारी भिजवून दाण्याचं कूट घातलं, यजमानीणबाईंनी त्यात साखर आणि दूध ओतलं, कारण तिथे शाळकरी मुलं ते तसंच खातात. कुणाची पद्धत बरोबर यावर अजून एकमत नाही.

आता तो काळा जोड. घानात अंत्यसंस्कार हा गावाचा सर्वांत मोठा सोहळा. बहुतेक शनिवारी होतो, मृत्यूनंतर कित्येक आठवड्यांनीसुद्धा; भिंतींवर मृताच्या फोटोची मोठी भित्तिपत्रकं लागतात. लोक काळ्या-लाल कपड्यांत येतात, फार म्हातारं माणूस गेलं असेल तर काळ्या-पांढऱ्या. ढोल, नाच, जेवण. तुम्ही अनोळखी असूनही बोलावणं येईल आणि जायलाच हवं. मंडपात टेबलाशी बसलेल्या माणसाकडे थोडी रक्कम द्यायची, तो पावती देतो आणि ध्वनिक्षेपकावर तुमचं नाव आणि आकडा पुकारतो. लग्नात आहेर पुकारला जाताना पाहिलेल्या मराठी माणसाला हे नवं नाही, पण पाकिटात किती घालायचं ते आधी यजमानांना विचारून ठेवा. मी विचारलं नव्हतं. फार जास्त दिले, आणि पुढच्या तिन्ही अंत्यसंस्कारांची आमंत्रणं खास घरी आली.

फोटो विचारून काढा, लहान मुलांचे तर आईवडिलांना विचारूनच. त्यांना गोळ्या आणि पेनं वाटत फिरू नका. द्यायचंच असेल ते मुख्याध्यापकांकडे द्या.

९. शाळेतलं काम

२०१८ साली घानातल्या एका शिक्षकाचा फोटो जगभर फिरला होता: फळ्यावर खडूने त्याने वर्डची पूर्ण खिडकी काढली होती, प्रत्येक बटणासकट. कारण संगणक हा विषय दहावीसारख्या परीक्षेला आहे आणि शाळेत संगणक नाही. आमच्या शाळेत सात जुने लॅपटॉप होते, देणगीत आलेले, त्यांतले पाच बंद.

पहिले दोन आठवडे मी वर्गावर उभी राहून मुलांना शिकवलं. मुलं खूश, मी खूश. संगणकाचे शिक्षक मागच्या बाकावर बसून वह्या तपासत. मग एका दुपारी त्यांनी विचारलं, मॅडम, तुम्ही मार्चमध्ये जाल, एप्रिलमध्ये मी काय करू? गावप्रमुखांसमोरच्या त्या "कुणाला?"चं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. त्यानंतर मी वर्गावर गेले नाही. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं पाच लॅपटॉप उघडून बसायचो. हरमाटन, म्हणजे सहाराकडून येणारा कोरडा वारा, इतकी बारीक माती आणतो की पंख्यांत लाल वात वळलेली होती. ब्रश घेऊन साफ केलं, एका लॅपटॉपचे भाग काढून दुसऱ्याला घातले. चार चालू झाले. शिकवलं त्यांनीच, मी बाकावर.

वेळेबद्दल चिडचिड करू नका. वीज नाही, पाऊस आहे, शिक्षकांची सभा आहे, असे पाचपैकी दोन दिवस जातात. आणि वर्गात छडी दिसली तर मुलांसमोर वाद घालू नका. तिथल्या शिक्षण खात्याने ती बंद केली आहे. मुख्याध्यापकांशी एकटं असताना बोला.

१०. निघताना

न सांगता निघायचं नाही. तोग्बेंकडे परत जायचं आणि 'वाट मागायची', हाच शब्दप्रयोग आहे. या वेळी त्सियामीने विचारायच्या आत मी कामाचा हिशेब दिला: लॅपटॉप चार, शिक्षक एक. तोग्बेंनी अर्धीच वाट दिली. उरलेली अर्धी त्यांनी ठेवून घेतली आहे, परत येऊन नेण्यासाठी.

घरी आल्यावर दोन कामं. मलेरियाची गोळी चार आठवडे रोज, पुण्यात डास नाहीत असं वाटलं तरी. आणि पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी पश्चिम आफ्रिकेतून आले आहे. माझ्या डॉक्टरांनी विचारलं, "तिकडे काय काम काढलं होतंत?" या वेळी मी बरोबर सांगितलं.